लख्ख

मादाम ओडिलनी टेबलावर मेणकापड अंथरलं आणि त्यावर
एकशे बारा पदकं मांडली, दाटीवाटीनं,
पंगतीत पानं मांडावीत तशी.
खिडकीबाहेर म्यूज नदी, पलीकडे विझलेली पोलादाची भट्टी,
आणि टेबलावर एवढा उजेड की मी चष्मा काढून पुसला.

"चार रात्री घासत होते," त्या म्हणाल्या.
"व्हिनेगर, मीठ, गिस्लेंचाच जुना टूथब्रश.
माणूस बघायला येणार, आणि ही अशी काळवंडलेली!"

माणूस म्हणजे मी, लीएजचा दुकानदार,
खिशात भिंग, वहीत एक आकडा आधीच लिहिलेला.

पॅरिस, अठराशे एकोणनव्वद: मनोऱ्याच्या जाळीत
मुरलेला चॉकलेटी रंग साफ गेला.
अँटवर्पच्या जहाजाची शिडं गुलाबी, सोललेली.
गेंटच्या देवीचं नाक काही उजळेना,
म्हणून तारेची घासणी घेतली होती. आता नुसताच गाल.

धातूवर काळ चढतो, तोच आमचा भाव.
तो उतरवला की उरते मोड.
हे वाक्य जिभेवर आलं होतं.
कॉफीबरोबर गिळलं.
"सुंदर दिसतायत," म्हणालो,
आणि दिसत होतीच.

मग त्यांनी एप्रनच्या खिशातून एकशे तेरावं काढलं.
ब्रसेल्स, अठ्ठावन्न. नऊ गोळ्यांचा तो अणू.
पैशाला पासरी; माझ्याकडे डबाभर पडलेत.
"जत्रा आम्ही ही एकच पाहिली. म्हणजे दोनच दालनं.
पाऊस होता, माझ्या सँडलचा पट्टा तुटला,
उरलेला दिवस बाकावर."
पदक मेणासारखं काळं. आठच गोळे.
नवव्याच्या जागी खळगा,
एका अंगठ्याएवढा.
"दवाखान्यातसुद्धा हातात असायचं. हे नाही घासलं."
"किती?" मी विचारलं. का विचारलं, कोण जाणे.
त्यांनी ते परत खिशात टाकलं,
दुधाची बिलं आणि कपड्यांच्या चिमट्यांमध्ये.

वहीतला आकडा मी निम्म्यावर आणला.
त्याखाली पेन गेलं नाही.
बसमध्ये मांडीवरच्या खोक्याला
लोणच्याच्या बरणीसारखा वास येत होता.

पुन्हा रंग धरायला पन्नास वर्षं तरी लागतील.
मी सदुसष्टचा.
दारापाशीच ठेवलीत, उघड्या थाळीत.
बाकी मालाला हातमोजे लागतात.
ही मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला
हाताळू देतो.