पाणी सातव्या पायरीला

कुत्रा यांचा. हे आधीच सांगून ठेवते.
नाव खाखरा, तेही यांनीच ठेवलेलं,
रंगावरून, आणि चालताना फरशीवर
नखं कडकड वाजतात त्यावरून.
मी फक्त त्याचं भांडं धुते.

आता विश्वामित्री आमच्या सातव्या पायरीला,
हे पुलापलीकडे, अलकापुरीत, भाच्याकडे अडकलेले,
वीज पहाटेपासून नाही,
आणि कारेलीबागेत दुसऱ्या मजल्यावर
मी आणि हा.

वरच्या ज्योत्स्नाबेन गॅलरीतून ओरडतात,
"मगर जोयो? पार्किंगमां छे!"
मी वाकून बघते. बुडालेल्या स्कूटरच्या आरशाजवळून
एक ओंडका जातो. ओंडकाच असावा.
खाखरा गजांतून नाक घालून हुंगतो,
त्याच्या पाठीवरचे केस ब्रशसारखे उभे.
नाही रे बाबा, म्हटलं, आज फिरणं नाही.

फिरणं हा शब्द घरात उच्चारायचा नसतो,
हे मला कुठलं ठाऊक!
पट्टा तोंडात धरून तो तासभर दाराशी.
मग सोफ्याचा कोपरा उकरला.
मग पायपुसणं फाडलं.
मग माझ्याकडे असं पाहिलं
की पाऊस जणू मीच पाडतेय.

तेव्हा मी आप्पेपात्र काढलं.
सात खळगे. तिनांत भाखरीचे तुकडे,
सातांवर झाकणं: मोज्यांचे गोळे, एक चेंडू, एक लिंबू.
पहिल्यांदा त्यानं अख्खं पात्रच पालथं केलं.
दुसऱ्यांदा लिंबू चावून तोंड असं केलं
की मी हसले,
एकटीच, अंधाऱ्या घरात, मोठ्यानं.

त्याचं उरकायचं ते गच्चीवर, टाकीच्या आडोशाला.
दोन मजले वर, दोन खाली,
असं दिवसातून सहा वेळा.
माझे गुडघे म्हणाले, अहो बाई.

दुसऱ्या दिवशी फोनही विझला.
यांचा रुमाल मी तांदळाच्या डब्यामागे लपवला,
चष्म्याचं घर उशीखाली,
एक चप्पल शिवणयंत्राच्या पायट्यावर.
शोध, म्हटलं. कुठंय? शोध.
रुमाल अर्ध्या मिनिटात. घर त्याहून लवकर.
चप्पल मात्र सापडली ती दिली नाही.
तिच्यावर हनुवटी ठेवून पडून राहिला.
मी शेजारी बसले, तर शेपटी एकदाच,
हळू, फरशीवर.
पूल उघडला की येतील, मी त्याला सांगितलं.
त्याला सांगितलं, असं म्हणू.

संध्याकाळी कशातच त्याचं मन लागेना.
आता हे सांगायला लाज वाटते, पण
मी कपाट आणि भिंत यांमधल्या फटीत शिरले,
इस्त्रीचं टेबल सरकवून, जाळ्यांसकट.
या घरात हरवलेलं मी शोधते.
पावत्या, किल्ल्या, कुणाचा दुसरा मोजा.
आणि आता मीच श्वास धरून उभी.

नखं हॉलमध्ये. थांबली.
स्वयंपाकघर.
बाथरूम.
परत हॉल. मग काहीच नाही, बराच वेळ,
फक्त खाली पाण्याचा भिंतीला लागणारा आवाज.
सापडू नये असं वाटत होतं,
आणि आता तरी सापडावं.

मग एक ओलं, गार नाक पोटरीवर,
आणि केवढा तो आनंद, केवढा गाजावाजा,
जशी मी पलीकडे अडकले होते!

चौथ्या दिवशी पायऱ्यांवर बोटभर चिखल,
आणि त्यातून हे आले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून,
हातात सेव-उसळीचं पार्सल.
खाखऱ्यानं उड्या मारमारून यांना भिंतीला टेकवलं.
"फार त्रास दिला का गं?"
छे, म्हटलं, आणि आप्पेपात्र घासायला घेतलं.
एका खळग्यात लिंबाची बी चिकटून बसली होती.

यांनी पट्टा उचलला, दार उघडलं, तो शब्दही उच्चारला.
मी ओट्याशी उभी, समोर दिसतेय, हातात घासणी.
तरी तो आधी आत गेला
आणि फटीत डोकावून आला.