सातवं घर

पहिल्यांदा त्यानं साबण खाल्ला.
मग गॅसच्या नळीची चव घेतली,
मग गिझरच्या वायरीची.
चैत्र लागला तेव्हा आमच्या लक्षात आलं,
सातपूरच्या या दीड खोलीत
रेशनकार्डावर नाव नसलेलं
आणखी कुणीतरी राहतंय.

विष नको, शोभना म्हणाली.
गणपतीचं वाहन वगैरे काही नाही,
कपाटामागं मरून पडतो मेला
आणि आठ दिवस पाहुणा आणता येत नाही घरात.
पाहुणा म्हणजे बघायला येणारा.
त्या वर्षी दर पंधरवड्याला यायचे,
पोहे खायचे,
शर्वरीचा पगार विचारायचे,
पत्रिकेची झेरॉक्स घडी करून खिशात घालायचे
आणि जिना उतरता उतरता
मंगळाला अडखळायचे.

खैरनार वहिनींनी पिंजरा दिला.
पोळीला तो फिरकला नाही.
भज्याचं नुसतं तेल चाटून गेला, खटका न पाडता;
तीस वर्षं लेथवर काम केलेला मी,
मला त्या सफाईचं कौतुकच वाटलं.
शेवटी बेदाण्याला फसला,
पिंपळगावचा, दिवाळीला कंपनीनं दिलेला.

पाणी ओलांडलं की परत येत नाही, वहिनी म्हणाल्या.
शर्वरीनं जाळीतून बाहेर आलेल्या शेपटीला
लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला.
बघू की, म्हणाली.
मी पिशवीत पिंजरा घालून
नासर्डीच्या पुलापलीकडे गेलो,
एका मोकळ्या प्लॉटवर दार उचललं.

चौथ्या रात्री खटका पडला.
आत लाल ठिपका.
म्हणजे नासर्डीला उंदीर नदी धरत नाहीत.
(महापालिका तरी कुठे धरते.)

त्या रविवारी ट्रंक ओढली.
मागच्या कोपऱ्यात घरटं:
गोधडीचा कापूस, प्रॉव्हिडंट फंडाच्या स्लिपा,
एका लग्नपत्रिकेची सोनेरी किनार,
आणि कुरतडलेली, हळदीचं बोट लागलेली
शर्वरीची पत्रिका.
झेरॉक्स सगळ्या संपलेल्या. हीच उरली होती.
तिनं ती उजेडात धरली.
बरोबर सातव्या घराला भोक,
आणि भोकातून समोरचं
पाण्याच्या टाकीचं झाकण दिसत होतं.
याला ज्योतिष कळतं, ती म्हणाली
आणि हसत सुटली, इतकी
की शोभना आतून विळी घेऊनच धावत आली.

नवी करून घेऊ, शोभना म्हणाली,
वेळ आहे ना तुमच्या लक्षात?
चार वाजून दहा मिनिटं, मी म्हणणार होतो.
चोवीस वर्षं तेच सांगत आलोय.

दुसऱ्या पहाटे आम्ही दोघं निघालो,
ती मागे, मांडीवर पिंजरा.
आनंदवलीवरून गोदावरी ओलांडली,
ही तरी नदी आहे, ती म्हणाली.
मखमलाबादच्या बाजूला द्राक्षबागांची छाटणी झालेली,
नुसत्या तारा आणि खुंट.
गाडी लावली. हेल्मेट काढलं नाही,
बरं पडतं, तोंड अर्धं झाकलेलं असलं की.

म्हणालो, तू झालीस तेव्हा मी तिसऱ्या पाळीत होतो.
सिव्हिलमध्ये पोचलो तर उजाडलेलं.
घड्याळ कुणीच बघितलं नव्हतं.
नर्स म्हणाली, पहाटे झाली असेल.
गुरुजींनी वेळ विचारली
तर रिकामं कसं सोडायचं म्हणून
चार दहा सांगितलं.
चारच्या पुढे दहा का लावले
ते आजही कळत नाही.
नेमकं वाटावं म्हणून असेल.

ती काही बोलली नाही.
पिंजरा मातीत ठेवला,
दार वर उचलून धरलं.
उंदीर निघेना.
बेदाणा दोन्ही हातांत धरून
एका कडेनं, सावकाश,
खातच राहिला.

बाबा, ती म्हणाली,
त्याचं होऊ दे.
मग कुठंतरी चहा घेऊ.