गुण

आमच्या घरात पेटंट हा शब्द फार साधा होता.
कुमुदमावशीचं पेटंट थालीपीठ,
बाबांचं गिऱ्हाइकाला पेटंट उत्तर:
"उद्या या, मागवून ठेवतो."
त्यावर कुणी कुणाला नोटीस धाडली नाही.

रास्ता पेठेत, हॉस्पिटलच्या मागच्या फाटकासमोर
एका शटरचं माझं दुकान.
औषधं वाचता येणं ही अर्धी विद्या;
उरलेली अर्धी कात्रीत.
गोळ्यांची पट्टी कापताना
मुदतीची तारीख असलेला तुकडा शेवटी द्यायचा,
हे बाबांनी शिकवलं.
"ती तारीख दुकानातच राहू दे," म्हणायचे,
आणि उगाच हसायचे.

हणमंत वायदंडे सोमवारी येतात.
खडकीच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली,
आता बायकोच्या रक्तात पांढऱ्या पेशींचं बंड.
दहाची पट्टी, त्यातल्या चार घेतात.
"बाकीच्या राहू द्या माझ्या नावानं."
मी पाकिटावर नाव लिहिते,
शालन ह. वायदंडे,
आणि गल्ल्याखालच्या खणात ठेवते.
पैसे दिलेले नसतात.
दोघांनाही ते माहीत असतं.

मग एक दिवस निलोफर बागवान आली.
शिवाजीनगर कोर्टासमोर, झेरॉक्सच्या माळ्यावर
तिचं वकिलीचं टेबल.
म्हणाली, या गोळीची वीस वर्षं चैत्रात संपतात,
आणि कंपनीला आणखी वीस हवीत.
रेणू तोच, क्षार नवा.
म्हणजे गं काय?
"म्हणजे मीठ बदललंय, ताई."

साधं काढून सैंधव घातलं,
तर आमटीचा शोध लागतो का?

(पाषाणच्या प्रयोगशाळेत माझा आतेभाऊ
एका रेणूमागे अकरा वर्षं होता.
हाती काही लागलं नाही; केस तेवढे गेले.
त्याच्या जागरणाला मोल नाही
असं मी म्हणणार नाही.
पण ते जागरण होतं.
हे कूस बदलणं आहे.)

मी नऊ महिन्यांच्या बिलांच्या पिवळ्या प्रती
सुतळीनं बांधून माळ्यावर नेल्या.
निलोफरनं गठ्ठा परत सरकवला.
"किंमत हा तिथे मुद्दाच नाही.
कायदा एवढंच विचारतो:
गुण वाढला का?"

मी जिन्यातच थांबले.
गुण आला का?
सुट्टे परत करताना हे तर मी रोज विचारते,
काउंटरवर रेलून, फुकट.
सरकारच्या पुस्तकात माझाच प्रश्न निघाला,
फक्त तीन प्रतींत आणि शिक्क्यासह.

सुनावणी तिच्या लॅपटॉपवर झाली.
कंपनीच्या वकिलांनी आलेख दाखवले:
नवा क्षार दमट हवेत टिकतो,
सहा महिने, चाळीस अंशांत, रंगही बदलत नाही.
निलोफर म्हणाली, "गोळी टिकते.
पेशंट?"
मधेच आवाज गेला.
ती परत म्हणाली, जरा मोठ्यानं,
आणि खालच्या झेरॉक्सवाल्यानं मान वर करून पाहिलं.
अधिकारी पाणी प्यायले. लिहून घेतलं.

मराठीत शोध लावणारा वेगळा,
शोध घेत दारोदार फिरणारा वेगळा.
शब्द मात्र दोघांत एकच आहे,
आणि त्याचं पेटंट अजून कुणी मागितलेलं नाही.

काल सोमवार. वायदंडे आले, छत्री विसरून गेले.
मी विचारलं, "गुण?"
"आहे तोवर आहे," म्हणाले,
आणि चार गोळ्या वरच्या खिशात,
चष्म्याशेजारी ठेवल्या.

निकाल राखून ठेवलाय.
खणातल्या पाकिटात
दोन गोळ्याही.
त्या तुकड्यावर तारीख आहे.