पेराद आणि चीज

गॅस पेटवायचाच नाही, एर्मेलिंदा म्हणाली,
फक्त सुरी ओली ठेव.
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातलं पेराद,
पेरूचं, लालसर, बोटाला चिकटणारं,
आणि डब्यातलं चीज, खारट, मुकाट.
एकावर एक. वर भरडलेली मिरी. मधोमध काडी.

एवढंच?
एवढंच. लोकांना वाटू दे, दिवसभर खपलीस.

साळगावच्या तिच्या बाल्कांवात साठ मांडल्या,
पाहुणे यायच्या आत मोजल्या तर
एक्कावन्न.

दारामागे तिचा पाश्कोल,
डॉक्टरनं साखर तोडलेला,
ओठ पुसत म्हणाला,
चीजच खाल्लं गं, शपथ.

खिडकीत नऊ काड्या,
ओळीत, नीट.
मिशीत पेराद.

मी काही बोलले नाही.
उरलेल्या
जरा लांब लांब मांडल्या.