पेव

हरिपूरच्या माळावर ईराप्पानं
पहारीनं माती सैल केली, फरशी सरकवली.
सात वर्षांनी उघडलं तोंड.
माती, मग पाचट, खाली हळद,
आणि हळदीच्या वर जे कोंडलेलं असतं
त्याला तो वारा म्हणत नाही.
'खाली हाय त्यो,' म्हणतो. नुसता 'त्यो'.

मी सकाळी वर्गात फळ्यावर दरी काढली होती,
दरीत एक गोटी,
आणि उंचवट्यापलीकडं तिच्याहून खोल दुसरी दरी.
म्हटलं, आपण, ही बाकं, आयर्विन पूल, सगळे तारे
कदाचित या वरच्या दरीत बसलोय.
तळ वाटतो. नसेलही.
मागच्या बाकावरच्या मुल्लाणीनं विचारलं,
गोटी पलीकडं गेली तर कळेल का, मॅडम?
नाही कळणार.
कुठंतरी टिंबाएवढी जागा खचेल,
तिची कड प्रकाशाच्या वेगानं पसरत येईल,
बातमी आणि ती बरोबरच पोचतील.
दुखायचंही नाही;
दुखणं ज्या नियमांवर चालतं तेच उरणार नाहीत.
घंटा झाली. पोरं डबे घेऊन उठली.

ईराप्पाला हे सांगितलं
तेव्हा तो कंदील दोरीला बांधत होता.
सोडला. एक पुरुस. दोन पुरुस.
ज्योत आखडली, गेली.
'बगा, ह्यो इजला म्हंजी कळतं तरी.
तुमच्या पेवाला कंदील न्हाई?'
नाही.
'आन फुटल कवा?'
मोजता येणार नाहीत इतक्या वर्षांनी, बहुतेक.
नाहीतर हे वाक्य पुरं व्हायच्या आत.

वाक्य पुरं झालं.
त्यानं जरा वाट पाहिली, मग हसला.
'पुराच्या साली पानी शिरलं पेवांत.
वरनं माळ हुता तसाच.
भूपालची म्हस चालली हुती, चालली हुती,
आन न्हवती.'
पुढं काही बोलला नाही. तंबाखू मळली.

तोंड उघडं ठेवून संध्याकाळपर्यंत थांबायचं असतं.
मी बाभळीखाली पेपर तपासत बसले,
पेवापासून बरीच लांब,
आणि बसण्याआधी जमिनीवर टाच आपटून पाहिली,
याची मलाच लाज वाटली.
प्रश्न तिसरा. स्थिर समतोल म्हणजे काय? उदाहरण द्या.
एकानं लिहिलं होतं : वाटीतली गोटी.
अर्धा गुण कापला.
मग परत दिला.
समासात बोटाचा पिवळा ठसा राहिला.