प्रतीक्षा यादीत पहिला

क्वार्टर सोडायच्या आदल्या रात्री उज्ज्वला
भिंतीतल्या खिळ्यांची भोकं टूथपेस्टने बुजवायची.
सकाळी स्टोअरचा माणूस यायचा,
बल्ब मोजायचा, नळ मोजायचा,
भिंतीवरून हात फिरवायचा.
सात क्वार्टर्स. एकदाही सापडली नाही.

आता कन्नमवार नगरात भाड्याने.
अकरा महिन्यांची पोस्टिंग,
मूव्हमेंट ऑर्डर एजंट फोनवरच देतो.
काळ्या ट्रंकेवर गादी टाकून बैठक केलीय.
पांढऱ्या रंगातला नंबर, रँक, नाव
चादरीखाली.

म्हाडाच्या खिडकीतली मुलगी म्हणाली,
महाराष्ट्रात सलग पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावा?
मी मनात मोजलं.
तेजपूर, जोधपूर, बारामुल्ला, परत बारामुल्ला.
सलग म्हणाल तर मॅडम, सलग फक्त रजेचे अर्ज.
हे बोललो नाही.
पुन्हा येतो म्हणालो,
आणि चार वेळा आलो.

सोडत निघाली. माजी सैनिकांना एकच घर, विक्रोळीतच.
प्रतीक्षा यादीत मी पहिला.
माझ्या वर तांडेल. नौदल, पेटी ऑफिसर.

उज्ज्वलाने त्या रात्री देवाकडे काय मागितलं
मी विचारलं नाही.
मी मागितलं ते मला माहीत आहे:
त्याचा एखादा कागद कमी पडो.

मंगळवारी कलानगरला, जिन्यात, तोच भेटला.
कानात यंत्र. कान इंजिनरूमला देऊन आलो, म्हणाला.
माझे केस बघून ओळखलं असावं,
छातीशी धरलेली फाइल सरळ माझ्या हातात दिली,
जरा बघा हो, सगळं आहे ना?

पानं उलटली.
बत्तीस वर्षांचा सर्व्हिस रेकॉर्ड, बायकोचं आधार,
गॅसचं जुनं पुस्तकसुद्धा.
जिल्हा सैनिक कार्यालयाचं पत्र नव्हतं.
मुदत शुक्रवारची.

फाइलवरून हात फिरवला,
स्टोअरचा माणूस फिरवायचा तसा.
आहे सगळं, म्हणालो.
काय? म्हणाला तो. ऐकू नाही आलं.

दुसऱ्यांदा खोटं बोलायचं
तर ओरडून बोलावं लागणार होतं.
पत्र नाही तुमचं, ओरडलो,
पत्र! सैनिक ऑफिसचं! आजच जा!
अख्खा जिना वळून बघायला लागला.

घरी येऊन सांगितलं.
उज्ज्वला बराच वेळ तांदूळ निवडत राहिली.
मग उठली, ट्रंकेतून हातोडी काढली
आणि कॅलेंडरसाठी भिंतीत खिळा ठोकला.
मालक बोलेल, मी म्हणालो.
बोलू दे, ती म्हणाली.
टूथपेस्ट आहे.