आम्ही ठाण्याचेच

नाशिकची आत्या मस्करीत म्हणायची,
'फार डोकं चालवू नकोस, ठाण्याला पाठवीन हं.'
आणि प्रणित म्हणायचा, 'आत्या, आम्ही राहतोच तिथे,
रिक्षाभाडं वाचलं.'

पहिल्यांदा काय झालं, डॉक्टरांनी विचारलं.
बाबांनी दिवाळीनंतरचं सांगितलं,
टीव्हीचं तोंड भिंतीकडे केलं, ते.
मी गप्प होते.
माझ्याकडे त्याच्याही आधीचं होतं.

जूनमध्ये त्यानं कॅरम सोडला.
तलावपाळीला यायचा बंद झाला. म्हटलं, परीक्षा असेल.
मग वाक्यं अर्ध्यात सोडू लागला,
जणू मधूनच कुणी
त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

ऑगस्टमध्ये रात्री तीन वाजता
स्वयंपाकघरात उभा, फ्रिजला कान लावून.
'मधे मधे थांबतो बघ, ताई.'
मी ऐकलं. थांबत होता खरा.
फ्रिज थांबतातच.

आमटी हुंगून ताट सरकवायचा.
आंघोळीला चार-चार दिवस.
उशीखाली एक वही:
नितीन कंपनीच्या स्टॉपवरून गेलेल्या बसचे नंबर,
तारीखवार, सुवाच्य,
काहींखाली दोनदा रेघ.

आईनं मीठ-मोहऱ्या उतरवल्या.
काका म्हणाले, मोबाइल काढून घ्या.
मला वाटलं, कुणी मुलगी असणार.
ज्याला त्याला आपापलं कारण पुरलं.

आणि गणपतीत, आरती संपल्यावर,
जिन्यात मला थांबवून त्यानं विचारलं,
हळूच, लाजल्यासारखं,
'खालची माणसं माझं नाव घेतात का गं?'
माझ्या हातात प्रसादाची वाटी.
मी म्हटलं, 'वेडा आहेस का?'

हे तर आपण कुणालाही म्हणतो.
भाजीवाल्याला म्हणतो.
तो बघत राहिला,
आणि पुढचे चार महिने
त्यानं मला काहीच विचारलं नाही.

डॉक्टरांनी आधी झोपेचं विचारलं.
मग त्याच्याकडेच वळून, 'आवाज ओळखीचा असतो का?'
तो खुर्चीत एकदम सैल झाला.
एवढ्या दिवसांत कुणी हे विचारलं नव्हतं.
कागदावर त्यांनी लिहिलं, सायकोसिस,
आणि आम्हाला म्हणाल्या, 'बरं झालं, लवकर आलात.'
मी मनात जूनपासून मोजलं.

आता रात्री नऊची गोळी.
वजन वाढलंय, हात जरा थरथरतो,
कॅरमची सोंगटी चुकते, मग चिडतो,
ते चिडणं मला आवडतं.

काल भर दुपारी म्हणाला, 'बेल वाजली?'
'मला नाही ऐकू आली. तुला?'
'मला आली.'
'चल, बघू.'
दार उघडलं.
पायपुसणं. समोरच्यांच्या चपला.
कुणीच नव्हतं.
आम्ही थोडा वेळ तिथेच उभे राहिलो,
दोघंही.